तिसरा तोटा

"पाव्हणं, राग मानू नका," आण्णा निंगनुरे तिसऱ्यांदा म्हणाले, "पण तुम्ही नेमकं करतासा काय?"

माझ्या तोंडात भडंगाचा बकाणा होता, त्यामुळे लगेच उत्तर द्यावं लागलं नाही, एवढंच काय ते सुख. जयसिंगपुरात निंगनुरे भडंगवाले म्हणजे नाव होतं, आणि मुलगी बघायला आलेल्यांपुढे पोहे ठेवायची त्या घरात पद्धत नव्हती. बशीभर भडंग, वर कच्चा कांदा-कोथिंबीर, आणि समोर मुलीचा बाप. शेजारी माझे आप्पा, पोस्टातून निवृत्त झालेल्या माणसाला शोभेल अशा शांतपणे छताकडे बघत होते. स्थळ आणणारी माझी आत्ती मात्र नुसत्या डोळ्यांनी मला ढोसत होती.

"मी पुण्यात एका सल्लागार कंपनीत आहे," घास गिळून मी म्हणालो. "आम्ही मोठमोठ्या कंपन्यांना सल्ला देतो."

"कसल्या धंद्यातला?"

"कुठल्याही."

"म्हंजे सिमेंटवाल्याला बी?"

"हो, मागच्या वर्षी सिमेंटच होतं. त्याच्या आधी दवाखाना, त्याच्या आधी कोंबड्यांचं खाद्य."

"आणि यातला कुठला धंदा तुम्ही सोता केलाय?"

"कुठलाच नाही."

आण्णांनी आप्पांकडे बघितलं. आप्पांनी छत सोडून भिंतीवरच्या बसवेश्वरांच्या तसबिरीकडे बघितलं. खरं सांगायचं तर मी काय करतो ते आप्पांनाही माहीत नव्हतं. मिरजेत कुणी विचारलं की ते 'कंप्युटरमध्ये आहे' म्हणत आणि घाईघाईनं विषय बदलत.

"ज्याला सल्ला देतासा, त्याला त्याचा धंदा कळतोय न्हवं?"

"कळतो की."

"मग?"

"आतल्या माणसाला सवय झालेली असते, आण्णा. जे बाहेरच्याला दिसतं ते त्याला दिसत नाही."

"आस्सं," म्हणून आण्णांनी मान हलवली. ती मान माझ्या ओळखीची होती. आम्ही कुठल्याही कारखान्यात पहिल्या दिवशी गेलो की तिथला सगळ्यात जुना फोरमन अगदी तश्शी हलवतो.

आत्तीनं ओळखलं, की गाडी चिखलात रुतली. "पोरांना जरा बोलू द्या की वो," ती म्हणाली, आणि माझी रवानगी मागच्या अंगणात झाली.

अंगणात चिरमुऱ्यांच्या पोत्यांची थप्पी लागली होती. पलीकडच्या पत्र्याच्या शेडमधून फोडणीचा वास येत होता. थप्पीला टेकून गिरिजा उभी होती. अंगावर जरीची साडी आणि पायात कारखान्यातल्या रबरी चपला. घरच्यांनी तिला नटवलं होतं, पण त्यांचं लक्ष पायापर्यंत पोचलं नसावं.

"आण्णांना तुमची नोकरी कळली नाही," ती म्हणाली. "मलाही कळली नाही. पण मी त्यांच्यासारखं सारखं सारखं विचारणार नाही. नोकरीचे फायदे सांगा आणि तोटे सांगा. लग्न काय, दोन्हींशी करायचं असतं."

आता हे म्हणजे माशाला पोहायला सांगण्यासारखं झालं. आमच्या कंपनीत एक दंडक आहे, की काहीही सांगायचं ते तीन मुद्द्यांत. आमच्या वरिष्ठ कामत मॅडम म्हणायच्या, दोन मुद्दे सांगितले तर गिऱ्हाइकाला फसवल्यासारखं वाटतं आणि चौथा कुणाच्या लक्षात राहत नाही. चार वर्षं तिथं काढल्यावर मला जेवायला काय हवं ते सुद्धा तीन मुद्द्यांत सुचायचं.

"फायदे तीन," मी बोटं पुढं केली. "एक, दर दोन-तीन महिन्यांनी नवा धंदा शिकायला मिळतो. दोन, विमानानं जाणं, चांगल्या हॉटेलात राहणं. तीन, आपल्या दुप्पट वयाची माणसं आपलं ऐकतात."

"ऐकतात?"

"म्हणजे, ऐकून घेतात."

"बरं. आणि तोटे?"

"तोटेही तीन. एक, शिकलेला धंदा पुढच्या दोन-तीन महिन्यांत विसरतो. दोन, आपला सल्ला कुणी अंमलात आणला का, ते बघायला आपण तिथं नसतो. बहुतेक आणत नाहीत."

"आणि तिसरा?"

इथं माझी बोटं जरा अडखळली. आधीची दोन स्थळं याच तिसऱ्या तोट्यावर मोडली होती. त्यातल्या एका आईनं तर तोंडावर सुनावलं होतं, 'मग लग्न कशाला करतोस बाबा, डबा लाव.'

"तिसरा म्हणजे," मी म्हणालो, "सोमवारी पहाटे घर सोडायचं, गिऱ्हाईक ज्या गावात असेल तिथं जायचं, आणि गुरुवारी रात्री परत यायचं. शुक्रवारी घरून काम. शनिवार-रविवार सुट्टी. पण मधले चार दिवस मी घरी नसतो."

गिरिजानं कपाळाला आठी घातली नाही की हसली नाही. नुसतं "असं होय" म्हणाली. मग एकदम मान वळवून शेडकडं ओरडली, "शेवंताक्का, गॅस बारीक करा, लसूण करपायला लागलाय!"

मी वास घेतला. मला नुसताच लसणाचा वास येत होता. शेवंताक्का आतून म्हणाली, "व्हय व्हय, केला!" आणि मी तिथंच, चिरमुऱ्यांच्या पोत्यांपाशी, गार झालो. लग्न करीन तर हिच्याशीच, असं मनात म्हणालो. याला मात्र तीन कारणं नव्हती.

बाहेर येतो तर आण्णांनी माझ्यासाठी फास तयार ठेवलेला.

"पोराला पोरगी पसंत हाय, ते त्येच्या तोंडावर दिसतंय," ते म्हणाले. "पण ज्याचं काम मला कळत न्हाई, त्याच्या हातात मी पोरगी कशी देऊ? तवा तुम्ही आसं करा. आमच्याच धंद्याला सल्ला द्या. ही गिरी आता लग्न हून जाणार. माझे गुडघे बोलाय लागल्यात. तवा कारखाना पुतण्याच्या, विरूपाक्षच्या, हातात द्यायचा आणि हायवेला दुसरं दुकान काढायचं, आसा बेत हाय. बरोबर हाय का चूक, तेवढं सांगा. पटलं तर पुढल्या रविवारी सुपारी फोडू. न्हाई पटलं तर भडंग खाल्लं आसं समजा."

आप्पा उठायच्या बेतात होते. मी म्हणालो, "चालेल."

नशिबानं त्या आठवड्यात मला काम नव्हतं. जुनं संपलेलं, नवं आलेलं नाही, अशा वेळी आमच्या कंपनीत पगारी बसवून ठेवतात. मी मिरजेहून रोज सकाळी आप्पांच्या स्कूटरवर जयसिंगपूरला जायला लागलो.

आमच्या कामाची रीत अशी, की सगळ्यांना सारखेच प्रश्न विचारायचे. सुरुवात मी भावी मालकापासून केली. विरूपाक्ष हा आण्णांच्या भावाचा मुलगा. स्वभावानं देवमाणूस, कामानं बुलेट पुसणारा.

"मसाल्याचं प्रमाण कोण ठरवतं?"

"ते गिरीला म्हाईत."

"सणाला माल किती वाढवायचा?"

"ते पण गिरीच बघती. आमी फिटिंगचं बघतो."

"कसलं फिटिंग?"

"पडंल ते."

टेम्पो चालवणारा दस्तगीर म्हणाला, कुठल्या दुकानात किती पेट्या टाकायच्या ते ताई फोनवर सांगतात. शेवंताक्का म्हणाली, कामावरच्या बायका रुसल्या तर गिरिजाच समजूत घालती, मालकानं घातली तर आणखी दोघी रुसतात. शेवटी मी खुद्द आण्णांना विचारलं, की ब्याडगी मिरची कुठून येते. आण्णा ऐटीत मांडी ठोकून बसले, तोंड उघडलं, आणि आत वळून ओरडले, "गिरेऽ, ब्याडगी कुणाकडनं घेतली गं आपण औंदा?"

मी हरखून गेलो. सिमेंटमध्ये तीन महिने घासून इतकं स्वच्छ उत्तर मिळालं नव्हतं. दुपारी गिरिजा ताटात ज्वारीची भाकरी आणि वांग्याचं भरीत घेऊन यायची, मी तिलाही प्रश्न विचारायचो, ती उत्तरं द्यायची आणि मध्येच म्हणायची, "आधी जेवा." मी जेवायचो. तिच्याकडे बघत बघत चौथी भाकरी कधी संपायची ते कळायचं नाही.

आता इथं वाचणाऱ्याला जे दिसतंय ते मला का दिसलं नाही, असं कुणीही विचारील. त्याचं उत्तर असं, की आमच्या धंद्यात माणसाचं नाव लिहीत नाहीत. चौकोन काढतात. चौकोनात हुद्दा लिहितात, चौकोनाला बाण जोडतात. एकदा चौकोन काढला, की त्यात कोण बसलंय ते डोक्यातून जातं. दिवसा मी गिरिजासाठी झुरत होतो आणि घरी आल्यावर त्या चौकोनाला बाण जोडत होतो. ही दोन्ही एकच आहेत, हे माझ्या चार वर्षांच्या अनुभवी डोक्यात शिरलं नाही.

रविवारी निंगनुऱ्यांची बैठक भरली. आण्णांचे दोन चुलते, आमचे आप्पा, आत्ती, विरूपाक्ष. मधोमध तबकात नारळ, सुपारी, हळदकुंकू. समोरच्या भिंतीवर पांढरी चादर लावली होती आणि गल्लीतल्या फोटोवाल्याचा प्रोजेक्टर मागून आणला होता. तो सुरू केला तर चादरीवर एक अनोळखी जोडपं उसाच्या शेतात एकमेकांच्या कपाळाला कपाळ लावून उभं राहिलं.

"हे कोण?" आप्पांनी विचारलं.

"गप बसा," आत्ती म्हणाली. "असंल त्याच्या हापिसातलं."

ते जोडपं घालवून मी माझं सुरू केलं. आवाज छान लागला होता. पहिला मुद्दा, हायवेला दुकान जरूर काढावं. चुलत्यांनी माना डोलावल्या. दुसरा, दुकानात नुसतं पाकीट न विकता समोर कालवून द्यावं, प्रवासी थांबतील. आण्णांनी मांडीवर थाप मारली. आप्पा तर चक्क माझ्याकडे बघत होते. जन्मात पहिल्यांदा आपला मुलगा काय करतो ते त्यांना दिसत होतं, आणि बरं दिसत होतं.

"आणि आता तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा," मी आवाज खाली आणला. असं केलं की लोक पुढं सरकतात. सगळे सरकले. चादरीवर एक मोठा चौकोन आला आणि सगळीकडून त्याच्यात बाण घुसले. "खरेदी, मसाला, माणसं, विक्री. या धंद्याचा सगळा भार एकाच व्यक्तीवर आहे. विरूपाक्ष यांच्याकडे कारखाना दिला तर तो वर्षभरात बंद पडेल."

"बरोबर हाय," विरूपाक्ष म्हणाला.

"म्हणून माझा ठाम सल्ला आहे, की कारखाना या व्यक्तीच्याच नावावर करा. आणि काहीही झालं तरी या व्यक्तीला जयसिंगपूर सोडून जाऊ देऊ नका."

मी विजयी मुद्रेनं सगळ्यांकडे बघितलं. बैठकीत कुणी श्वास घेत नव्हतं. मला वाटलं, प्रभाव पडला.

"अरं मुडद्या," आत्ती म्हणाली, "ती तुझी बायको व्हायचीय रं!"

चौकोनातून गिरिजा बाहेर आली ती तेव्हा. माझ्या पायाखालची सतरंजीच कुणी ओढली असं झालं.

आण्णा उठले. त्यांनी आधी बंद केलेला दिवा लावला, मग माझ्यापाशी येऊन माझा हात दोन्ही हातांत घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आज मला कळलं बघा, तुम्ही काय करतासा," ते म्हणाले. "इतकी वरसं माझ्या डोळ्यांपुढं हाय, पर मला दिसलं न्हाई. तुम्ही दाखवलं. पटलं. लई पटलं. पोरगी द्यायची न्हाई!"

आणि वळून म्हणाले, "विरू, तो नारळ आत ठेव."

माझ्या साऱ्या नोकरीत गिऱ्हाइकानं जागच्या जागी अंमलात आणलेला हा माझा पहिला सल्ला.

"आण्णा, हा अजून कच्चा मसुदा आहे," मी म्हणालो.

"कच्चा कुठला, चांगला पिकलाय."

"पण दुसऱ्या बाजूनंही विचार केला, तर—"

"सल्ला देणाऱ्यानं डगमगायचं नसतंय, पाव्हणं."

विरूपाक्षनं खरोखरच नारळ उचलला. आप्पा पायात चपला शोधायला लागले. मी भिंतीवरच्या त्या चौकोनाकडं नुसता बघत उभा राहिलो. आठवडाभर राबून, स्वतःच्या हातानं, बाण जोडून जोडून मी माझं लग्न मोडलं होतं. सल्ला चुकला म्हणायचीही सोय नव्हती, कारण तो खरोखरच बरोबर होता.

"विरूदादा, थांब जरा," दारातून आवाज आला. गिरिजा चहाचा ट्रे घेऊन कधीची उभी असावी. तिनं ट्रे तबकाशेजारी ठेवला. "आण्णा, ह्यांचं एक सांगायचं राहिलंय. ह्यांच्या नोकरीचे तोटे."

"आता कशाला ते?"

"ऐका की." ती माझ्याकडं वळली. "तिसरा तोटा सांगा."

"सोमवारी पहाटे जातो," मी कसाबसा म्हणालो, "गुरुवारी रात्री येतो."

"जाता ते पुण्यातच जाता का?"

"नाही. गिऱ्हाईक असेल तिथं. नागपूर, सुरत, कुठंही."

"मग निघायचं पुण्याहूनच, असा कंपनीचा नियम आहे?"

"नाही... तसा काही नियम नाही."

"म्हणजे मी लग्न करून पुण्याला आले, तर तुम्ही सुरतेला आणि मी पुण्यात भिंतीकडं बघत. त्यापेक्षा सोमवारी मिरजेला गाडीत बसा, गुरुवारी मिरजेलाच उतरा आणि इथं या. मी कारखाना बघते." मग तिनं बापाकडं बघितलं. "तुम्ही सगळ्यांनी हा तोटा म्हणून ऐकला, आण्णा. मला त्या दिवशीच तो फायदा वाटला होता. मी फक्त वाट बघत होते, की हे स्वतः काय सल्ला देतात."

आण्णांच्या तोंडावर उजेड पडायला लागला, पण तेवढ्यात एक चप्पल सापडलेले आप्पा ताठ झाले. पोस्टात अख्ख्या नोकरीत ते साहेबाला उलट बोलले नव्हते. आज बोलले.

"आमच्या हिंगमिरे घराण्यात आजवर कुणी घरजावई झालेला नाही."

चुलते खाली बघायला लागले. मी आप्पांकडं बघावं की गिरिजाकडं, तेही मला कळेना.

"आप्पा," गिरिजा अगदी आदरानं म्हणाली, "घरजावई व्हायला घरात असावं लागतं. हे कुठं असतात?"

आप्पांनी यावर विचार केला. एका पायात चप्पल, एक पाय मोकळा, असे उभ्या उभ्या केला. मुद्दा त्यांना नियमात बसतोय असं दिसलं असावं, कारण ते हळूच खाली बसले.

"मग ह्याचा पत्ता काय लिहायचा?" त्यांनी विचारलं. शेवटी पोस्टातला माणूस.

"मिरज," गिरिजा म्हणाली. "पत्ता मिरजच राहू दे."

"विरू," आण्णा ओरडले, "तो नारळ आण रं भाईर!"

गिरिजानं मला चहा दिला. "तुम्हाला चालेल ना?" ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्हाला कुणी विचारलंच नाही."

"चालेल."

"एकच मुद्दा?"

"एकच," मी म्हणालो, आणि चहा बशीत सांडला.

याला आता बरीच वर्षं झाली. हायवेचं दुकान झोकात चाललंय. शनिवार-रविवार मी तिथं समोर उभा राहून भडंग कालवतो आणि कांदा जास्त घातला म्हणून मालकिणीची बोलणी खातो. आण्णांना दुकानात कुणी विचारतं, की जावई काय करतात. "कन्सल्टंट हाईत," ते अभिमानानं सांगतात. "म्हंजे?" "म्हंजे सोमवारी जातात."

मागच्या वर्षी कामत मॅडमनी मला बोलावलं आणि बढती दिली. आता फिरती बंद, म्हणाल्या, घरी बसून दुसऱ्यांची कामं तपासायची. मी गुरुवारी गाडीत भेटेल त्याला हे सांगत आलो. एवढ्या वर्षांचा तोटा एका फटक्यात भरून निघाला होता.

त्याच रात्री गिरिजा पाकिटांची तोंडं बंद करत बसली होती, तेव्हा तिला सांगितलं. तिचे हात थांबले.

"नको म्हणून सांगा," ती म्हणाली.

मला लागलं ते. "म्हणजे मी चार दिवस घरात नसतो," मी म्हणालो, "हाच माझा एवढा फायदा काय?"

"ते तर मी तुम्हाला लग्नाआधीच सांगितलंय." तिनं आणखी दोन पाकिटं बंद केली. मग वर न बघता म्हणाली, "आणि रोजच घरात असलात, तर गुरुवारी मी वाट कुणाची बघू?"

सोमवारी मी पहाटेची गाडी धरली. कामत मॅडमना बढती नको म्हणून सांगितलं. त्यांनी कारण विचारलं. सवयीप्रमाणे मी तीन सांगितली, आणि तिन्ही खोटी होती.